थीम स्क्रीनिंगचं तिकीट काढलंय? मग हा क्रम पाळा

गेल्या डिसेंबरात माझी आत्या आणि तिच्या दोन मैत्रिणी अंधेरीतल्या एका गच्चीवर जुन्या हिंदी चित्रपटाच्या खेळाला आल्या. डोंबिवलीहून निघालेल्या, छान नटलेल्या, अंबाड्यावर भरगच्च गजरे. तिकिटावर सातची वेळ होती, त्या पावणेसातला हजर. त्यांच्या हिशेबानं पंधरा मिनिटं आधी. पण दारं साडेपाचलाच उघडली होती. पात्रांच्या वेशातली मंडळी स्वागत करून आत गेली होती, इराणी हॉटेलासारखा मांडलेला कोपरा आवरायला घेतला होता, बसायला पार कडेच्या बीन बॅग उरल्या होत्या आणि आवाज ऐकायला दिलेला हेडफोन काही केल्या गजऱ्यावर बसेना. चित्रपट तिघींनी आवडीनं पाहिला. पण तो त्यांना तोंडपाठच होता. ज्या गोष्टीचे जास्तीचे पैसे मोजले होते ती त्या पोचण्याआधीच संपली होती.

थीम स्क्रीनिंग म्हणजे चित्रपटाच्या जोडीला त्याच्या जगातली सजावट, वेश, पात्रं असं काहीतरी देणारा खेळ, आणि त्याच्या बाबतीत हे मी दर मोसमात पाहते. लोक मल्टिप्लेक्सला जातात तशाच तयारीनं येतात आणि हिरमुसून परततात. तिकिटावरची वेळ चित्रपटाची असते आणि थीमचा बहुतेक भाग त्याआधीच्या दीड तासात उरकलेला असतो. म्हणून तयारी आदल्या दिवशी संपवायची, त्या संध्याकाळी फक्त बघायचं आणि सामील व्हायचं. खालचे टप्पे याच क्रमानं घ्या. क्रम बदलला की कुठेतरी रांगेत अडकायला होतं.

टप्पा १: कोणत्या प्रकारचा खेळ आहे ते आधी ओळखा

'थीम स्क्रीनिंग' या एका नावाखाली मुंबईत चार-पाच वेगवेगळ्या गोष्टी विकल्या जातात आणि प्रत्येकीची तयारी निराळी.

सगळ्यात जास्त दिसतो तो गच्चीवरचा किंवा हिरवळीवरचा हेडफोनचा खेळ. उघड्यावर रात्री १० ते सकाळी ६ लाउडस्पीकरला बंदी असते, त्यामुळे आवाज थेट प्रत्येकाच्या कानात देणं आयोजकांना सोयीचं पडतं. दुसरा ड्राइव्ह-इन, गाडीत बसून. तिसरा सहभागी खेळ, ज्यात गाणी सगळ्यांनी मिळून म्हणायची आणि गाजलेले संवाद पडद्याच्या बरोबरीनं फेकायचे. चौथ्यात चित्रपटाचं जगच उभं केलेलं असतं. कलाकार तुमच्यात फिरतात, तुम्हाला एखादं पात्र नेमून दिलेलं असतं, चिठ्ठ्या आणि खुणा शोधायच्या असतात. लंडनचं 'सीक्रेट सिनेमा' २००७ पासून असे प्रयोग करतं आणि आपल्याकडच्या आयोजकांच्या डोळ्यांसमोर बहुधा तोच नमुना असतो. पाचव्यात प्रसंगानुसार ताटात पदार्थ येत राहतात.

जुने चित्रपट जपणाऱ्या फिल्म हेरिटेज फाउंडेशननं ऑक्टोबर २०२२ मध्ये अमिताभ बच्चन यांच्या आणि त्याच वर्षी डिसेंबरात दिलीपकुमार यांच्या चित्रपटांचा महोत्सव थिएटरांत भरवला होता. तसे खेळ या यादीत बसत नाहीत. तिथे जुना चित्रपट मोठ्या पडद्यावर नीट पाहायला मिळतो, बस्स. मी हे मुद्दाम सांगते, कारण माझं एक ठाम मत आहे: न पाहिलेला चित्रपट सहभागी खेळात पहिल्यांदा पाहू नका. शेजारचे दोनशे लोक संवाद आधीच म्हणून टाकतात आणि तुमच्या हाती काहीच लागत नाही. असा चित्रपट आधी थिएटरात किंवा घरी पाहा, थीमचा खेळ दुसऱ्या वेळेसाठी ठेवा.

टप्पा २: तिकीट काढण्यापूर्वी सात प्रश्न

वर्णन शेवटच्या ओळीपर्यंत वाचा. बारीक अक्षरातल्या अटी तर नक्कीच. उत्तर सापडलं नाही तर आयोजकांना मेसेज करून लेखी विचारा.

१. प्रवेश किती वाजता सुरू, चित्रपट किती वाजता?
२. दर माणशी आहे, जोडीला आहे की गाडीला? बीन बॅग बऱ्याचदा दोघांत एक असते.
३. जागा क्रमांकाप्रमाणे की येईल तशी?
४. पाऊस आला किंवा खेळ रद्द झाला तर पैसे परत मिळणार की नुसती पुढची तारीख?
५. खुर्ची मिळेल का? गुडघे दुखणाऱ्या माणसाला बीन बॅगमध्ये बसवणं सोपं, उठवणं फार कठीण.
६. वयाची अट काय? चित्रपटाला 'ए' प्रमाणपत्र असेल तर आईवडील सोबत असले तरी १८ खालच्या मुलांना प्रवेश नाही. शिवाय महाराष्ट्रात बिअर-वाइनसाठी वय २१ आणि इतर मद्यासाठी २५ लागतं, त्यामुळे मद्य असलेल्या जागी दारातच मनगटाला वेगळा पट्टा बांधतात.
७. मध्यंतर आहे का?

पाच-सहा जण जाणार असाल तर तिकिटं एकानंच, एका व्यवहारात काढावीत. वेगवेगळी काढली की जागा विखुरतात, आणि नंतर गेटवर हुज्जत घालून उपयोग होत नाही.

इशारा: उघड्यावरचा खेळ जून ते सप्टेंबर शक्यतो घेऊच नका. ऑक्टोबरातही परतीचा पाऊस संध्याकाळीच गाठतो. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा खरा मोसम. डिसेंबरात सूर्य सहाच्या सुमारास मावळतो, मे महिन्यात सात वाजून जातात. पडद्यावरचं चित्र उठून दिसायला मावळतीनंतर किमान वीस-पंचवीस मिनिटं लागतात. मे महिन्यात कुणी साडेसहाचा उघड्यावरचा खेळ विकत असेल तर पहिला अर्धा तास फिकट दिसणार हे गृहीत धरा.

टप्पा ३: आठवडाभर आधी चित्रपट पुन्हा पाहा

या पाहण्यात गोष्ट बाजूला ठेवा. कडेला बघा: मागे उभी असलेली माणसं काय घालतात, दुकानांच्या पाट्या कशा आहेत, लोक एकमेकांना हाक कशी मारतात. सहभागी खेळ असेल तर दोन गाण्यांची कडवी पाठ करा. ध्रुवपद सगळ्यांनाच येतं, दुसऱ्या कडव्याला अख्खी गच्ची गप्प होते आणि तिथे ज्याला शब्द येतात त्याच्याभोवती माणसं जमतात.

पात्रं फिरणारा खेळ असेल तर आयोजक ईमेलनं तुमचं पात्र, पोशाख आणि कधी कधी परवलीचा शब्द पाठवतात. हा ईमेल जाहिरातींच्या ढिगाऱ्यात किंवा स्पॅममध्ये पडून राहतो. तिकीट ज्या पत्त्यावर काढलं तो पत्ता रोज उघडून बघा, आणि आलेलं पत्र बरोबरच्या सगळ्यांना पाठवा. परवलीचा शब्द एकालाच माहीत असला की बाकीचे दारात ताटकळतात.

टप्पा ४: पोशाख

इथे लोक एकतर अति करतात किंवा काहीच करत नाहीत.

नायक-नायिका होऊ नका. त्या संध्याकाळी तिथे वीस नायक असणार आणि त्यांतले पाच तुमच्यापेक्षा उंच. पोस्टमन व्हा, वकिलाचा कारकून व्हा, लग्नातला वाढपी व्हा, खलनायकाच्या मागे नुसता उभा राहणारा साथीदार व्हा. कलाकार अशाच माणसांना बोलण्यात ओढतात, कारण त्यांच्याशी काहीतरी नवं बोलता येतं. माझा भाचा एकदा हॉटेलातला पोऱ्या झाला होता. खांद्यावर फडका आणि हातात चहाच्या ग्लासांचा तारेचा स्टँड, एवढंच. दीड तासात त्याच्याकडून नऊ जणांनी चहा मागवला.

सुरुवात घरातल्या कपाटापासून करा. अंगावर एक कपडा, केसांत किंवा चेहऱ्यावर एक खूण, हातात एक वस्तू. तीन गोष्टी जुळल्या की पात्र ओळखू येतं. आईची जुनी व्हॉइलची साडी, आजोबांचा जाड काड्यांचा चष्मा, कापडी पिशवी. विकत घ्यायचंच तर कापडाला मंगलदास मार्केट, कानातल्या-गळ्यातल्याला कुलाबा कॉजवे, हातात धरायच्या जुन्या वस्तूला चोर बाजार. पूर्ण वेश हवा असेल तर नाटकांना कपडे पुरवणारे ड्रेपरीवाले गाठा, पण किमान दोन आठवडे आधी. उघड्यावरच्या खेळांचा मोसम आणि शाळांच्या गॅदरिंगचा मोसम एकच असतो, तेव्हा डिसेंबरात ड्रेपरीत चांगल्या मापाचं काही शिल्लक राहत नाही. अनामत किती आणि परत कधी करायचं ते पावतीवर लिहून घ्या.

आदल्या दिवशी पूर्ण वेश चढवून चार गोष्टी करून बघा:

– जमिनीवर मांडी घाला आणि हात न टेकता उठा. बीन बॅग म्हणजे जवळजवळ जमीनच. नऊवारी इथे सोपी जाते, कडक इस्त्रीची कांजीवरम अडते.
– कानांवर मोठा हेडफोन चढवा. फेटा, विग, टोप, उंच अंबाडा, मोठे झुमके, सगळ्याची इथे कसोटी लागते. गजरा मानेजवळ खाली माळला तर बसतो.
– दोन मजले जिना चढा.
– गर्दीच्या डब्यात हे अंगावर टिकेल का याचा विचार करा. शंका असेल तर अर्धा वेश पिशवीतून न्या आणि जागेवर चढवा. सेफ्टी पिना दहा घ्या, चार हरवतातच.

इशारा: खोटं पिस्तूल, तलवार, चाकू घेऊन मेट्रोत किंवा मॉलच्या दारात जाऊ नका. सुरक्षारक्षक ते खरं की खोटं याचा वाद घालत बसत नाहीत, वस्तू बाहेर ठेवायला लावतात. हत्यार हवंच असेल तर पुठ्ठ्याचं आणि लांबूनही पुठ्ठ्याचं वाटेल असं. पोलिसाचा हुबेहूब गणवेश रस्त्यावर घालून फिरू नका. टोपी पिशवीत ठेवा, शर्टावर साधा सदरा चढवा.

टप्पा ५: जाण्याआधी परतीचा हिशेब

हा टप्पा लोक सर्रास विसरतात. चित्रपटाची लांबी मिनिटांत काढा, त्यात मध्यंतराची पंधरा आणि हेडफोन परत करण्याच्या रांगेची वीस मिनिटं मिळवा. पावणेसातला सुरू झालेला तीन तासांचा हिंदी चित्रपट दहाला संपतो आणि तुम्ही रस्त्यावर येता ते साडेदहाच्या आसपास. आठचा असेल तर पावणेबारा. लोकलच्या शेवटच्या गाड्या मध्यरात्र उलटल्यावर सुटतात, पण मेट्रो त्याच्या बरीच आधी थांबते. जाताना मेट्रोनं गेलात म्हणून येताना ती मिळेलच असं नाही. बीकेसी, म्हणजे वांद्रे-कुर्ला संकुलासारख्या भागात कार्यालयं सुटल्यावर शेअर रिक्षाही विरळ होतात. वांद्रे आणि कुर्ला यांपैकी कोणतं स्टेशन तुमच्या घराच्या दिशेचं ते आधीच ठरवा.

तपासा: शनिवार-रविवारी लोकलचा मेगाब्लॉक किंवा रात्रीचा जम्बोब्लॉक, म्हणजे रुळांच्या कामासाठी गाड्या बंद, असं काही आहे का? परतीचं तिकीट काढून ठेवलंय का? घरी कुणाला तरी संपण्याची वेळ सांगितली का?

पिशवीत: पातळ शाल, कारण गच्चीवर वारा असतो आणि हिरवळीवर दव पडतं. ओडोमॉस. पॉवर बँक. ओळखपत्र. पाचशे-सातशे रुपये रोख. पात्रं फिरणाऱ्या काही खेळांत फोन दारात सीलबंद पिशवीत घालून देतात. मग यूपीआय नाही, गाडी मागवणं नाही आणि चुकामूक झाली तर फोनही नाही. त्यामुळे 'हरवलो तर कुठे भेटायचं' हे आत शिरण्याआधी बोलून घ्या.

जेवणाचं थोडक्यात: बाहेरचं खाणं आत नेऊ देत नाहीत, तर साडेचार-पाचला घरूनच पोटभर खाऊन निघा. उपवास असेल किंवा कांदा-लसूण चालत नसेल तर जेवणासहित खेळाच्या आयोजकांना दोन दिवस आधी कळवा.

टप्पा ६: आत शिरल्यावरचा पहिला अर्धा तास

दारं उघडतात त्या वेळी पोचा. मग हा क्रम:

१. मनगटाचा पट्टा घ्या.
२. जागा धरा. पडद्याच्या रुंदीच्या दीड ते दोन पट अंतरावर, मधोमध. पडदा वीस फूट रुंद असेल तर तीस ते चाळीस फुटांवर. सपाट गच्चीवर पुढच्यांची डोकी पडद्याच्या खालच्या कडेला येतात आणि सबटायटल्स तिथेच असतात, म्हणून परभाषेतला चित्रपट असेल तर वाटेलगतची जागा घ्या. तिथून मान थोडी कलती केली की वाचता येतं. खाण्याचे स्टॉल आणि स्वच्छतागृहाची वाट यांच्या जवळ बसू नका, रात्रभर माणसं आडवी जातात.
३. हेडफोन तपासा. दोन्ही कानांत आवाज येतो का, आवाज कमी-जास्त होतो का, आणि दिवा कोणत्या रंगाचा आहे? या हेडफोनवर दोन-तीन चॅनेल असतात, रंगानं ओळखायचे. तुमच्या चित्रपटाचा रंग कोणता ते देणाऱ्यालाच विचारा. चित्रपट सुरू झाल्यावर 'आवाज येत नाही' म्हणून धावणाऱ्यांपैकी बहुतेकांचा चॅनेल चुकलेला असतो.
४. फोटो. उजेड आहे आणि रांग छोटी आहे तोवर.
५. खाणंपिणं.
६. मग निवांत फिरा.

लोक फोटोच्या रांगेत सर्वांत आधी उभे राहतात आणि जागा घालवतात. फोटो दहा मिनिटं थांबतो, मधली बीन बॅग थांबत नाही.

इशारा: हेडफोनच्या अनामतीसाठी मूळ आधार कार्ड देऊ नका. रोख अनामत चालेल का विचारा. अगदी नाहीच जमलं तर दुसरं एखादं ओळखपत्र द्या.

टप्पा ७: सामील होणं

सगळ्यात जास्त अवघडलेपण इथे येतं, विशेषतः घरच्या वडीलधाऱ्यांना. अंगावर वेश आहे, समोरून पात्र चालत येतं, 'काय हो, पत्र आणलंत का?' असं विचारतं आणि आपण हसून मान फिरवतो. तसं करू नका. 'आणलंय, पण ते फक्त मालकिणीच्या हातात देणार' असं एक वाक्य पुरे. कलाकाराला पुढे न्यायला एवढाच धागा लागतो. नाही सुचलं तर 'मी आजच गावाहून आलोय' हे कुठल्याही चित्रपटात, कुठल्याही काळात चालतं. मग तुम्हाला काही माहीत नसणं साहजिकच ठरतं आणि तेच तुम्हाला सगळं समजावून सांगतात.

ज्यांना बोलायचं नसेल त्यांनी हातात काम मागून घ्यावं. कंदील धरणं, पत्रकं वाटणं, अंतरपाट धरणं. माझ्या आत्यानं पुढच्या खेळाला, वेळेवर येऊन, फुलांची टोपली सांभाळली आणि दोन तास ती खुर्चीत बसलीच नाही.

कलाकारांना 'खरं नाव काय, कुठल्या मालिकेत दिसता' हे विचारू नका. त्यांना हात लावण्याआधी, खांद्यावर हात टाकून फोटो घेण्याआधी विचारा. इतर प्रेक्षकांचे, लहान मुलांचे तर नक्कीच, न विचारता फोटो काढू नका. वेश घातला म्हणजे फोटोची परवानगी दिली असं होत नाही.

चित्रपट सुरू झाला की उंच टोप्या खाली. हेडफोन घालून बोलताना आपला आवाज आपल्याला कळत नाही आणि आपण ओरडून बोलतो, म्हणून बोलायचं तर एक कान मोकळा करा. गाणी म्हणतानाही तेच, नाहीतर सूर आणि ताल दोन्ही सुटतात.

इशारा: पडद्याचं चित्रण करू नका, आठवण म्हणून दोन मिनिटांचंही नाही. सिनेमॅटोग्राफ कायद्याच्या २०२३ च्या दुरुस्तीनंतर परवानगीशिवाय चित्रपट रेकॉर्ड करण्याला किमान ३ महिने ते ३ वर्षं तुरुंगवास आणि किमान ३ लाख रुपये दंड आहे.

मध्यंतर असेल तर ते व्हायच्या पाच मिनिटं आधी उठून स्वच्छतागृहात जाऊन या. गच्च्यांवर स्वच्छतागृहं दोन आणि माणसं दोनशे, असा प्रकार असतो.

ड्राइव्ह-इन असेल तर एवढं वेगळं

बीकेसीत जिओ वर्ल्ड ड्राइव्ह या मॉलच्या गच्चीवर २०२१ मध्ये सुरू झालेल्या ड्राइव्ह-इनमध्ये सुमारे २९० गाड्या मावतात. चित्रपट संपला की सगळ्या एकदम निघतात, तेव्हा घाई असेल तर नामावली सुरू होताच हलण्याच्या तयारीत राहा, घाई नसेल तर वीस मिनिटं निवांत बसा. मधलं काही करू नका.

आवाज एफएमवर येतो. इंजिन बंद ठेवून गाडीचा रेडिओ तीन तास चालवायचा तर बॅटरी धडधाकट हवी. जुनी असेल तर सेलवर चालणारा छोटा एफएम रेडिओ सोबत न्या. तो सगळ्यात खात्रीचा. दिवे पूर्ण बंद कसे होतात ते घरीच शिकून घ्या. अनेक नव्या गाड्यांचे पुढचे दिवे आपोआप पेटतात आणि पुढच्या दहा गाड्यांचा खेळ बिघडवतात. काच आतून पुसून न्या.

इशारा: एसीसाठी इंजिन चालू ठेवून बसू नका. दाटीनं उभ्या गाड्यांचा धूर तुमच्या आणि शेजारच्या गाडीत शिरतो.

टप्पा ८: बाहेर पडणं आणि दुसरा दिवस

सगळ्यांचे हेडफोन एकानं गोळा करून एका रांगेत परत करावेत, बाकीच्यांनी ठरलेल्या जागी उभं राहावं. खाण्यासाठी कार्ड किंवा कुपनं घेतली असतील तर उरलेले पैसे मध्यंतरातच परत मागा, शेवटी तो काउंटर बंद झालेला असतो. गाडी मागवायची तर गेटवर नको, एक चौक पुढे चालत जाऊन मागवा. मुली-बायका एकट्या असतील तर गेटजवळच्या उजेडातच थांबा, भाडं थोडं जास्त पडलं तरी चालेल.

घरी गेल्यावर ड्रेपरीचे कपडे धुवायला टाकू नका. जरीचं आणि रंगवलेलं कापड पाण्यात जातं आणि अनामत त्याच्याबरोबर. रात्रभर पंख्याखाली वाळत घाला, पिना काढा, खिसे तपासा, कानातलं-गळ्यातलं पावतीशी मोजून वेगळ्या पिशवीत बांधा. डाग पडला असेल तर लपवू नका, देताना दाखवा. ड्रेपरीवाल्यांना डाग काढता येतात, आणि पुढच्या डिसेंबरात तेच तुमच्यासाठी चांगल्या मापाचा कोट बाजूला काढून ठेवतात.